पडद्याच्या अलीकडे

अलार्म वाजला आणि तिने हात वर करून तो गप्प केला. बस, एवढंच झालं. आयसीयूत नवऱ्याच्या खाटेच्या डाव्या बाजूच्या मॉनिटरवर पिवळा दिवा लुकलुकायला लागला होता, तो चिरका आवाज सुरू झाला होता आणि तिचा हात, तिला न विचारताच, वर जाऊन बरोबर त्या बटणावर टेकला होता. इतकी वर्षं ती हेच करत आली होती. ऑपरेशन थिएटरात दिवसभर काही ना काही किणकिणत असतं. कुणाच्या बोटावरची क्लिप निसटते, कुणाच्या कोपराने वायर ओढली जाते, आणि दर वेळी भूल देणाऱ्या माणसाचा हात आधी आवाज गप्प करतो आणि मग डोळे आकडा बघतात. हात आधी, डोळे नंतर. मध्ये पापणी लवायचासुद्धा वेळ जात नाही. आज हात गेला आणि डोळे गेलेच नाहीत. डोळे नवऱ्याच्या दाढीकडे बघत होते. इथे आल्यापासून ती वाढली होती आणि हनुवटीवर चक्क पांढरी निघाली होती. लग्नाला इतकी वर्षं होऊन हे तिला माहीत नव्हतं, कारण दुकानात जायच्या आधी हा माणूस रोज गुळगुळीत दाढी करून निघायचा.

"मॅडम, बीपी बघितलंत का?" दुसऱ्या टोकाच्या खाटेकडून सिस्टर जवळजवळ धावतच आली. तिने बघितलं नव्हतं. आकडा असा होता, की दुसऱ्या कुणाच्या उशाशी दिसला असता तर तिनेच आवाज चढवून सगळ्यांना गोळा केलं असतं. सिस्टरने सलाईन मोकळं सोडलं, औषधाच्या पंपावर भराभर बोटं दाबली, कुणाला तरी फोन लावला. आकडा कुंथत कुंथत वर चढला. सिस्टर रागावली नाही, फक्त म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर बसा ना मॅडम, चहा घ्या." तो आवाज तिच्या चांगल्या ओळखीचा होता. नातेवाईक मध्ये मध्ये यायला लागले की आपण सगळेच तो आवाज काढतो. तिला राग आला नाही. भीती वाटली. भीती गेले तीन आठवडे होतीच, पण ती नवऱ्यासाठीची होती, आणि तिची आता सवयही होत आली होती. ही नवी भीती स्वतःचीच होती. या खोलीत आपण बायको म्हणून धड नाही आणि डॉक्टर म्हणूनही धड नाही, आणि या दोघींच्या मधल्या फटीतून हा माणूस आपल्या डोळ्यांदेखत निसटून जाईल, असं काहीतरी तिला वाटलं.

बाहेरच्या लांबलचक व्हरांड्यात ती भिंतीला टेकून उभी राहिली. फरशी नुकतीच पुसली होती. सफाईवाली बाई "जपून हं" म्हणत बादली घेऊन पुढे गेली. रोज याच व्हरांड्यातून ती थिएटरच्या चपला घालून झपाझप जायची. बाकावर बसलेली माणसं तिच्या हिरव्या कपड्यांकडे आशेने बघायची आणि ती त्यांची नजर चुकवायची. त्यांचा राग म्हणून नाही, पुढची केस लावायची असायची म्हणून. नवऱ्याच्या या दुखण्याचं कारण काय, तर पित्ताशयातला एक खडा, हरभऱ्याच्या डाळीएवढा. तो घसरून नळीच्या तोंडाशी अडकला आणि स्वादुपिंडाला आग लागली. पोटाच्या अगदी मागे, पाठीला चिकटून लपलेलं ते पिंड. आपण जेवलेलं पचवणारा रस ते तयार करतं, आणि एकदा बिथरलं की तोच रस स्वतःवर सोडून स्वतःलाच पचवायला लागतं. विद्यार्थ्यांना ती हे वाक्य मोठ्या चवीने सांगायची. मुलं वहीत लिहून घ्यायची. खडा होता हे वर्षभर ठाऊक होतं. "काढून टाकू या," असं ती म्हणालीही होती, आणि तो दर वेळी म्हणायचा, "आता नको, दुकानात गर्दी आहे." चष्म्याच्या दुकानात गर्दी ती काय असणार? पण तिनेही फार ताणून धरलं नाही. घरच्या माणसाचं आजचं उद्यावर, उद्याचं परवावर जातं ते असंच. आता त्या पिंडाचा मोठा भाग मेला होता आणि त्या मेलेल्या भागात पू झाला होता. कालच्या सीटी स्कॅनमध्ये हवेचे बारीक बुडबुडे दिसले होते, आणि ते बुडबुडे बघून तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं, कारण ते आत वाढणाऱ्या जंतूंचे असतात हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. ते तिला माहीत नसतं तर किती बरं झालं असतं.

फोन गेलाच होता, त्यामुळे तिच्याबरोबर रोज काम करणारे दोन्ही सर्जन आले. आयसीयूशेजारच्या छोट्या खोलीत, जिथे सिस्टर लोक डबे खातात, तिथे तिला बसवलं गेलं. मोठे सर खुर्चीत बसले आणि धाकटा सर्जन फ्रीजला टेकून उभा राहिला. धाकटा मोठ्या सरांचाच विद्यार्थी, आणि अजूनही त्यांच्यासमोर बसायचा नाही. मोठ्या सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांचा चष्मा तिच्या नवऱ्यानेच बनवलेला होता.

"हे बघा डॉक्टरीणबाई," सर म्हणाले. ते तिला नेहमी असंच म्हणायचे, निम्मं चेष्टेत. "पू आहे. ताप उतरत नाही. आज बीपी गेलं. मी म्हणतो, दुपारी घेऊ या. पोट उघडतो, हात घालतो, मेलेलं सगळं काढतो, धुतो. जे काय आहे ते एकदाच डोळ्यांसमोर येऊ दे. पू आत ठेवून झोप कशी लागेल मला?"

"सर, आता उघडलं तर तो किती सोसेल?" धाकटा म्हणाला. तो तिच्याशी नाही, फ्रीजवरच्या चुंबकाशी बोलत असल्यासारखा बोलत होता. "मॅडम, मी म्हणतो आधी नळी. डाव्या बाजूने, पाठीकडून, सीटीमध्ये बघून. पू वाहून गेला की ताप उतरेल, बीपी सावरेल. कितीतरी पेशंटना तेवढंच पुरतं. नाही पुरलं, तर त्या मेलेल्या भागाभोवती जरा भिंत तयार होऊ द्यायची आणि मग नळीच्याच वाटेने छोट्या चिरेतून दुर्बीण घालून थोडं थोडं काढायचं. पोट उघडून जे होतं ना नंतर, किडनी बसते, फुप्फुसं बसतात, ते यात कमी होतं. आता हे सगळीकडे मान्य आहे."

"सगळीकडे," मोठे सर म्हणाले, "सगळीकडच्या पेशंटचं. हा आपला आहे."

"आपला आहे म्हणूनच म्हणतोय सर."

दोघांनीही तिच्याकडे बघितलं. इथेच खरं घोडं अडलं. त्यांना एकमेकांशी भांडायचं नव्हतं, तिच्याकडून ऐकायचं होतं. दुसऱ्या कुठल्याही बाईला त्यांनी असं विचारलं नसतं, सांगितलं असतं. "तुम्ही तर दोन्ही बघितलंय," धाकटा म्हणाला. आणि हे खोटं होतं. तिने दोन्हींपैकी काहीही बघितलं नव्हतं. भूल देणाऱ्याची जागा डोक्याकडे असते. रुग्णाच्या छातीवर आडवं हिरवं कापड ताणून बांधलेलं असतं. पलीकडे पोट, सर्जन, हत्यारं, रक्त. अलीकडे एक चेहरा, एक नळी आणि ती. तिने पोटं बघितली नव्हती. ती ऐकली होती.

बाहेर सासूबाई आणि दीर बसले होते. सासूबाईंच्या मांडीवर पिशवी होती. पिशवीत काय आहे हे कुणी विचारलं नव्हतं, पण ती खाली ठेवायला त्या तयार नव्हत्या. दिराचं बांधकामाच्या सामानाचं दुकान होतं आणि त्याला जगातली प्रत्येक गोष्ट दोन कोटेशनांत दिसायची.

"वहिनी, म्हणजे एक म्हणतो फोडून काढू, आणि तो बारीक भोकवाला म्हणतो भोक पाडून बघू. बरोबर? गॅरंटी कोण देतोय?"

"कुणीच नाही, भावजी."

"कुणीच नाही? मग तुम्ही मोठ्या सरांनाच सांगा बाई. कसलेला माणूस आहे. मोठं काम म्हणजे मोठंच काम."

"अगं, तू रोज तिथेच असतेस ना," सासूबाई म्हणाल्या. "मग सांग की. तू सांगशील तसं. आमचं काय, आम्हाला पोटात काय काय असतं तेही माहीत नाही." आणि मग जरा थांबून, हळू आवाजात, "तो पीत वगैरे नव्हता ना गं? मघाशी त्या पलीकडच्या बाई विचारत होत्या. म्हणाल्या, पिणाऱ्यांना होतं म्हणे हे."

"नाही हो आई. खड्याने झालंय."

"तेच म्हटलं मी त्यांना," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी त्या पलीकडच्या बाईंकडे मान वळवून बघून घेतलं. तिला एकदम हसू आलं आणि हसता हसता रडू येईल असं वाटलं, म्हणून ती "आलेच" म्हणून जिन्याकडे गेली.

जिन्याच्या वळणावर एक खिडकी होती. खाली पार्किंगमध्ये एक माणूस गाडीची काच पुसत होता. तीच तीच काच, गोल गोल, सावकाश. मोठ्या सरांची ऑपरेशनं ती डोळे मिटून सांगू शकली असती. बरगड्यांखालून चीर जायची, वर्षानुवर्षं तोच ठराविक आवाज. मग सर हात घालायचे. हत्यार नाही, हत्याराला जिवंत आणि मेलेलं यातला फरक कळत नाही, बोटांना कळतो, असं ते म्हणायचे. बोटांनी चाचपून चाचपून ते मेलेला भाग सोडवायचे. तो ताटलीत पडताना आवाज व्हायचा, ओला, चिखल थापल्यासारखा, आणि मग कापडावरून वास अलीकडे यायचा. आणि त्याच सुमाराला, हमखास त्याच सुमाराला, बीपी घसरायला लागायचं. सर मान वर न करता विचारायचे, "काय म्हणतोय तुमच्याकडे?" आणि ती म्हणायची, "जरा घाई करा सर." पोट बऱ्याचदा बंद करताच यायचं नाही. आत पट्ट्या भरून तसंच झाकायचं, दोन दिवसांनी पुन्हा थिएटर, पुन्हा भूल, पुन्हा तो वास. एक बसड्रायव्हर होता. सरांनी त्याला असा पाच-सहा वेळा उघडला आणि तो जगला. वर्षभराने भेटायला आला तेव्हा शर्ट वर करून त्याने दाखवलं. पोटाला मधोमध फुगा आलेला, वर रुंद पट्टा बांधलेला, रोज इन्शुलिनचं इंजेक्शन, बस चालवणं सुटलेलं. "पण जिवंत आहे बघा मॅडम," असं म्हणून तो हसला होता. आणि एक बाई होत्या, ग्रंथालयात काम करणाऱ्या. भूल देताना त्यांनी तिला विचारलं, "किती वेळ लागेल?" ती म्हणाली, "तुम्हाला कळणारही नाही." त्यांना कळलंच नाही. दुसऱ्यांदा उघडलं तेव्हा त्या टेबलावरच गेल्या. सरांचे दोन्ही हात मनगटाच्या वरपर्यंत आत असताना अलीकडे तिच्या समोरचा चेहरा रंग सोडत गेला आणि ती नुसती बघत राहिली.

आणि धाकट्याची ऑपरेशनंही ऐकली होती की तिने. त्याचं थिएटर अर्ध्या अंधारातलं; सगळे भिंतीवरच्या स्क्रीनकडे बघत असायचे, कुणी बोलायचं नाही, पाणी सोडल्याचा आणि ओढल्याचा आवाज तेवढा चालायचा. बीपी घसरायचं नाही. ती स्टुलावर बसून आकडे लिहायची आणि पहिल्यांदा जेव्हा असं झालं तेव्हा तिला वाटलं होतं, एवढंच? पण त्याच्याकडेही एक पोस्टमन होता. नळी उत्तम चालली होती, ताप उतरला होता, आणि एका सकाळी नळीतून लालसर पाणी आलं. जरासंच. पेशंट चहा पीत होता. दुपारपर्यंत आतली कुजलेली धमनी फुटली आणि त्याला खाली न्यायच्या आतच सगळं संपलं. म्हणजे इकडे एक मेलेला माणूस आणि तिकडे एक मेलेला माणूस, आणि दोघांचेही चेहरे तिच्या ओळखीचे. परिषदेत ती खुशाल हात वर करून म्हणाली असती की टप्प्याटप्प्याने जाणंच चांगलं, त्रास कमी होतात, पुरावा आहे. तिथे ती ठाम बोलली असती. नवऱ्याच्या दुकानात गिऱ्हाईक त्या उंच खुर्चीत बसतं आणि तो भिंगं बदलत विचारतो, "हे बरं दिसतंय, की हे?" माणसं गोंधळतात. चुकीचं सांगितलं तर जन्मभर चुकीचा चष्मा बसेल या भीतीने घाम फुटतो त्यांना. तो समजावतो, "घाबरू नका हो, यात चुकीचं उत्तर नसतं. नीट नाही दिसलं तर परत बघू." तिला खिडकीशी उभं राहून त्याचा मनापासून हेवा वाटला. केवढा सुखाचा धंदा.

आणि तो प्रश्न आठवताना तिला त्याचा आवाज ऐकू आला, म्हणजे अगदी खरोखरीचा, जरा नाकातला आवाज, आणि मग तिच्या ध्यानात आलं की आपण त्याला विचारलेलंच नाही. कुणीच विचारलेलं नाही. तो शुद्धीवर होता. ग्लानीत असायचा, ऑक्सिजनचा मास्क होता, पण हाक मारली की डोळे उघडायचा, पाणी मागायचा, आईला घरी पाठवा म्हणायचा. सर्जनांनी तिला विचारलं, दिराने सरांना निवडलं, सासूबाईंनी तिच्यावर सोपवलं, आणि ज्याचं पोट होतं तो तिकडे छताकडे बघत पडला होता. ही चूक दुसऱ्या कुठल्या बायकोने केली नसती. तिच्याकडून झाली, कारण तिच्या जगात आडवा झालेला माणूस बोलत नसतो. त्याच्या वतीने आकडे बोलतात.

ती आत गेली तेव्हा सिस्टरने तिच्याकडे बघितलं, पण अडवलं नाही. या वेळी ती मॉनिटरकडे पाठ करून बसली. त्याच्या कपाळावर हात ठेवला, तापलेलं होतं. त्याने डोळे उघडले.

"तुला बघायला दोघे आले होते," ती म्हणाली. "आत पू झालाय. तो काढायला लागेल. दोन रस्ते आहेत." आणि तिने सांगितलं. जमेल तितकं सरळ, काही न लपवता. बसड्रायव्हर, पोस्टमन, ग्रंथालयातल्या बाई, सगळं. बोलता बोलता तिला स्वतःच्या आवाजाची भीती वाटत होती. आजारी माणसाला असं कुणी सांगतं का? तो ऐकत होता. मास्कच्या आत वाफ धरत होती आणि विरत होती.

"उघडायचं म्हणजे झोपवणार," तो म्हणाला.

"हो. ते तर लागेलच."

"आणि नळीला?"

"नळीला नाही. तेवढी जागा बधिर करतात. तुझा श्वास असा आहे की झोपेचं काही देताही यायचं नाही. दुखेल. आणि तेवढ्याने भागेलच असं नाही."

त्याने डोळे मिटले. तिला वाटलं, झोपला. मग त्याने हाताने मास्क जरा बाजूला केला.

"तो खडा," तो म्हणाला, "दुकानात गर्दी होती म्हणून नव्हता राहिला."

"मग?"

"झोपवतील म्हणून."

तिला आधी कळलंच नाही. "कशाला झोपवतील म्हणून?"

"अगं, तू यायचीस ना घरी. ताटावर बसायचीस आणि सांगायचीस, आज अमक्याला उठवायला फारच वेळ लागला. आज एकाचा श्वासच येईना. आणि मग म्हणायचीस, आमटी वाढ जरा. तुझं जेवण व्हायचं. तू झोपायचीस." तो थांबला, एवढं बोलून त्याला धाप लागली होती. "मी जागा असायचो. म्हणायचो, आपण तिथे झोपलो आणि उठलोच नाही तर? पण भूल देणारणीचा नवरा, आणि भुलीला घाबरतो, हे कुणाला सांगणार? तू हसली असतीस."

तिने तोंड उघडलं. हसले नसते, असं तिला म्हणायचं होतं. पण ती हसली असती. नक्की हसली असती. म्हणाली असती, काही होत नाही रे, मी आहे ना. आणि दुसऱ्या दिवशी थिएटरात सगळ्यांना सांगितलं असतं, आमच्याकडे बघा काय गंमत. तिने मास्क नीट त्याच्या नाकावर बसवला, कारण ऑक्सिजनचा आकडा नक्कीच खाली जात असणार. इतकी वर्षं एका पांघरुणात झोपून शेजारचा माणूस जागा आहे हे हिला कळत नाही, आणि ही परक्यांच्या झोपेवर लक्ष ठेवायचा पगार घेते. खडा वेळेवर निघाला असता तर आज हे काही नसतं. त्याने नाही, तिने जेवता जेवता, आमटीच्या वाटीसमोर, एकेक गोष्ट सांगून त्याला या खाटेवर आणून टाकलं होतं. तिला हे लख्ख दिसलं.

"जागं राहून होत असेल तर ते करा," मास्कच्या आतून तो म्हणाला. "पुढचं पुढे."

धाकट्याला तिने सांगितलं, "नळी." त्याने मान हलवली, आणि त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, तोही घाबरलेलाच होता, आता सगळं त्याच्या माथी आलं होतं. कारण तिने सांगितलं नाही. पुरावा तिच्या बाजूने होता, ते खरंच, पण निर्णय पुराव्याने झाला नव्हता. दोन भित्र्या माणसांनी मिळून तो घेतला होता आणि नशिबाने तो पुस्तकाशी जुळला होता. उद्या नळीत लालसर पाणी आलं तर पुस्तक येणार नव्हतं उत्तर द्यायला. मोठ्या सरांना सांगायला ती त्यांच्या खोलीत गेली तेव्हा ते खिडकीशी उभे होते.

"ठरलं?"

"हो सर. नळी."

"बरं," ते म्हणाले. त्यांना वाईट वाटलं होतं आणि त्यांनी ते लपवलं नाही. "आम्हाला शिकवलं ते असं, की पू दिसला की थांबायचं नाही. थांबलेले लोक मेलेले बघितलेत मी. उघडलेलेही बघितलेत म्हणा." मग त्यांनी टेबलावरचा चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला. "नळी तुंबली, रक्त आलं, काहीही झालं, तर मला फोन करायचा. संकोच करायचा नाही. रात्री मी घरीच आहे."

सीटीच्या खोलीत तिला जड शिशाचा एप्रन घातला गेला. त्याला उजव्या कुशीवर वळवला होता, डावी बाजू वर, कमरेपासून बरगडीपर्यंत उघडी, केस काढलेली, औषधाने पिवळी झालेली. मध्ये पडदा नव्हता. ती त्याच्यासमोर स्टुलावर बसली, तोंडासमोर तोंड, आणि तरी मान जरा उचलली की तिला सगळं दिसत होतं. त्याने तिचं मनगट धरलं. सुई टोचली तेव्हा त्याने डोळे गच्च मिटले. बधिर करायचं औषध सगळीकडे पोचत नाही, खोल तर नाहीच, हे ती विद्यार्थ्यांना शिकवायची, पण ते कसं दिसतं हे तिने कधी बघितलं नव्हतं. माणूस ओरडत नाही. तो आत आत सरकतो.

"बोल काहीतरी," तो म्हणाला.

तिला काही सुचेना. "मला फार भीती वाटतेय," ती म्हणाली.

त्याने डोळे उघडले. "तुला?"

"तीन आठवडे. सकाळी अलार्म वाजला तो मी बंद केला आणि बघितलंच नाही. तुझी दाढी बघत बसले."

"कशी आहे?"

"पांढरी."

"श्वास धरून ठेवा," पलीकडून धाकटा म्हणाला. यंत्र घरघरलं, टेबल आत सरकलं, बाहेर आलं. जाड सुई, मग तार, मग नळी. त्याची नखं तिच्या मनगटात रुतत होती आणि ती रुतू देत होती. आणि मग धाकटा म्हणाला, "आलं," आणि तिने मान उचलून बघितलं. नळीतून गढूळ, राखाडी, मधून मधून तपकिरी असं काहीतरी पिशवीत उतरत होतं, आणि तो वास आला. या वेळी कापडावरून नाही, सरळ तोंडावर. तिला वाटलं, येऊ दे, सगळं येऊ दे.

"काय आलं?" त्याने विचारलं.

"घाण."

"माझीच ना?"

"तुझीच."

"मग ठीक आहे," तो म्हणाला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

संध्याकाळी बीपी वर ठेवायचं औषध निम्म्यावर आलं. ताप होता, पण उतरता. दीर येऊन पिशवी बघून गेला, "एवढ्याशा भोकातून एवढं?" म्हणाला आणि आईला घरी घेऊन गेला. धाकटा दोनदा येऊन गेला आणि दोन्ही वेळा पिशवीतला रंग उजेडात धरून बघितला. त्याने काही वचन दिलं नाही आणि तिनेही मागितलं नाही. अजून कितीतरी मेलेलं आत होतं. दुर्बीण लागेल, भूल लागेल, कदाचित शेवटी मोठे सरही लागतील, आणि तेव्हा कुणीतरी परका माणूस त्याच्या डोक्याशी बसेल आणि ती बाहेर बाकावर असेल. ते सगळं समोर उभं होतं. आता मात्र तो झोपला. कुठल्या औषधाने नाही, आपला आपण, थकून, तोंड जरासं उघडं, बारीक घोरत. तिने आकडे बघितले. चांगले होते. परत बघितले. छाती वर जात होती, खाली येत होती, वर जात होती, आणि दोन श्वासांच्या मधल्या त्या एवढ्याशा जागेत ती पुढच्या श्वासाची वाट बघत होती. हजारो माणसं झोपवली होती तिने, आणि झोप ही अशी असते हे तिला कधी दिसलंच नव्हतं. माणूस तिथेच असतो आणि कुठे गेलाय ते सांगता येत नाही. तिने थोडा वेळ धीर धरला. मग त्याच्या खांद्याला धरून त्याला हलवलं.

त्याने एक डोळा उघडला. "काय गं?"

"काही नाही."

"मग झोपू दे की."

तो लगेच परत झोपला. आता त्याला उठवायचं नाही, असं तिने मनाशी पक्कं ठरवलं. खुर्ची खाटेला लावली, चपला काढून पाय वर घेतले, त्याचा हात स्वतःच्या हातात घेतला. घोरणं मध्येच थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. थोड्या वेळाने तिने त्याला परत उठवलं.